मनिलामधल्या फिलिपिनो सहकाऱ्याने नवीन घराच्या ब्लेसिंगला बोलावलंय. आम्ही हिंदू, त्यात मी शाकाहारी, जाऊ का आणि काय न्यायचं?

जा, नक्की जा. धर्माचं टेन्शन अजिबात घेऊ नका, मी मनिलाला लागूनच असलेल्या मकाती शहरात नोकरीला असताना अशाच एका ब्लेसिंगला गेले होते आणि सगळ्यात आधी जेवायला मलाच बसवलं होतं.

ऑफिसमधल्या एका सीनियरचं घर होतं, तिला आम्ही सगळे 'आते' म्हणायचो, म्हणजे ताई. घर काविते प्रांतात इमुसला, मनिलात घर परवडत नाही म्हणून खूप जण तिकडे घेतात आणि रोज दोन-दोन तास प्रवास करतात. नवरा जहाजावर. बारा वर्षं तो पैसे पाठवत होता तेव्हा कुठे ते दोन खोल्या खाली दोन वर असं घर उभं राहिलं. आणि ब्लेसिंगच्या दिवशी तो समुद्रातच. म्हणून आतेने काय केलं, पाद्री पवित्र पाणी शिंपडत एकेका खोलीत जात होते, मागे सगळे मेणबत्त्या घेऊन, निनोंग-निनांग (म्हणजे मानाचे स्त्री-पुरुष, धर्मपालक म्हणा) पुढे, आणि आतेच्या हातात मेणबत्तीऐवजी फोन. व्हिडिओ कॉलवर नवरा. हॉल, बेडरूम, किचन, अगदी सीआर म्हणजे बाथरूमसुद्धा, तो सगळं बघत होता, त्याने आपलं तयार घर पहिल्यांदा असं बघितलं. किचनमध्ये पाद्रींनी फोनवरही थोडं पाणी शिंपडलं तेव्हा आतेच्या सासूबाईंनी तोंडावर पदर घेतात तसा रुमाल घेतला. मला तर आईबाबांनी फ्लॅटची वास्तुशांत केली तेव्हाचं सगळं आठवलं.

आपल्याकडे दूध उतू घालतात तसं त्यांच्यात सामान यायच्या आधी तांदूळ आणि मीठ घरात नेतात, घरात कधी काही कमी पडू नये म्हणून. जिना असेल तर पायऱ्या मोजतात, ओरो, प्लाता, माता म्हणजे सोनं, चांदी, मरण, शेवटची पायरी मातावर येता कामा नये. आतेच्या जिन्याला 13, म्हणजे ओरोवर संपला, हे तिने मला दोनदा सांगितलं.

प्रार्थना झाली की जिन्यावरून नाणी उधळतात. तुम्ही बाजूला उभे राहू नका हं, वाका आणि गोळा करा, आज्यासुद्धा करतात! मला मिळालेलं 5 पेसोचं नाणं अजून माझ्या पर्समध्ये आहे.

मेणबत्ती दिली तर घ्या, प्रार्थना येत नसली तरी शांत उभं राहिलं की झालं. कधी कधी मिसा म्हणजे पाद्रींनी चालवलेली कॅथलिक उपासना पण असते, तेव्हा कम्युनियन म्हणजे पवित्र भाकरीचा प्रसाद घ्यायला रांगेत जायचं नाही, ते कॅथलिकांसाठी असतं. वयस्कर कोणी भेटलं तर 'मानो पो' म्हणून त्यांचा हात आपल्या कपाळाला लावायचा, हे केलंत की त्या घरातली लोला म्हणजे आजी तुम्हाला सोडणारच नाही.

जेवणाचं मात्र आधीच सांगून ठेवा. लेचोन म्हणजे अख्खं भाजलेलं डुक्कर टेबलावर असण्याची शक्यता भरपूर. पान्सित म्हणजे नूडल्स, लांब आयुष्यासाठी असतात, पण त्यात कोळंबी, चिकन, पोर्क काहीतरी असतंच, आणि नुसत्या भाजीतसुद्धा बागोओंग म्हणजे जवळ्यासारख्या बारीक कोळंबीची नाहीतर माशांची खारवलेली चटणी घालतात, वरून कळत नाही. मी बिको खाल्लं पोटभर, चिकट तांदूळ, नारळाचं दूध आणि ब्राउन शुगर, आपला नारळीभात आठवतो फक्त वेलची-लवंग नाही. भात आणि फळं असतातच.

न्यायला पाकीटच हवं असं नाही, घरात वापरता येईल असं काहीतरी न्या. फक्त सुरी-कात्री नको, धारदार वस्तू भेट देणं अशुभ मानतात. मी स्टीलच्या डब्यात बेसनाचे लाडू नेले होते. निघताना तोच डबा बिकोने भरून माझ्या हातात, याला पाबाओन म्हणतात, 'नको नको' करू नका, त्यांना वाईट वाटतं.

आणि संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका, जेवणानंतर व्हिडिओके म्हणजे स्क्रीनवर शब्द बघत गायचं कराओके सुरू होतं आणि माइक तुमच्याकडे येणारच, एक हिंदी गाणं तयार ठेवा.