'उ'ने सुरू होणारी जपानी गाणी कोणती?

पहिलं नाव 'उए ओ मुइते अरुको'. अर्थ 'वर बघत चालू या', का तर डोळ्यांतलं पाणी खाली ओघळू नये म्हणून! क्यू साकामोतोनं हे 1961 मध्ये गायलं. शब्द रोकुसुके एई यांचे, चाल हाचिदाई नाकामुरा यांची. मधेच नुसती शीळ येते, ती ऐकाच. भाषा कळत नसली तरी गळा दाटतो. 1963 मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं, पण 'सुकियाकी' या नावानं. सुकियाकी म्हणजे मांस-भाज्यांचा एक पदार्थ, गाण्याशी काडीचाही संबंध नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं. म्हणून शोधताना दोन्ही नावं टाकून बघा.

दुसरं 'उसागी', म्हणजे ससा. पारंपरिक बालगीत, अगदी चिमुकलं: सशा, काय बघून उड्या मारतोस? तर पौर्णिमेचा चंद्र बघून. आपणही चंद्राला शशांक म्हणतो, त्यामुळे हे मला फार जवळचं वाटतं.

'उमी' (समुद्र) आणि 'उराशिमा तारो' (जपानी लोककथेतल्या एका कोळ्याचं नाव) हीसुद्धा मुलांचीच गाणी. जपानी वर्णक्रम अ, इ, उ, ए, ओ असा आहे, तेव्हा तिथल्या यादीत 'उ' तिसरा सापडेल.