कॉन्टॅक्ट नेमका कुणाला म्हणायचं?

प्रश्न: प्रोटीनमधले कुठले अमिनो अॅसिड एकमेकांजवळ येतात ते बघतोय. सी-अल्फामधलं (प्रत्येक अमिनो अॅसिडच्या मधल्या कार्बनमधलं) अंतर ८ अँगस्ट्रॉमच्या (अणूंमधली अंतरं मोजायचं एकक) आत असलं की कॉन्टॅक्ट धरला, पण कॉन्टॅक्टच्या नकाशात (दोन्ही बाजूंना अमिनो अॅसिडचे क्रमांक, कॉन्टॅक्ट तिथे ठिपका) नुसती जाड तिरकी रेघच दिसते. काय चुकलं?

उत्तर: चुकलं असं नाही हो, साखळीतले शेजारी जवळ असणारच, लागोपाठच्या दोन सी-अल्फांत अंतरच मुळी ३.८ अँगस्ट्रॉम आणि हेलिक्समधे (साखळीच्या स्प्रिंगसारख्या वळणात) तर चौथा शेजारीही ६ च्या आसपास येतो, म्हणून रेघ जाड. क्रमात निदान ६ घरं लांब असलेल्या जोड्याच ठेवा. २० नंबरचा ९० नंबरला भेटतो, खरी गंमत तिथे आहे, घडी कशी पडलीय ते त्यातूनच कळतं. शिवाय मी सी-अल्फाऐवजी सी-बीटा (साइड चेनचा, म्हणजे बाजूला निघालेल्या शाखेचा, पहिला कार्बन) घेईन, साइड चेन कुठे तोंड करून आहे ते थोडंफार त्यात येतं (ग्लायसीन या अमिनो अॅसिडला सी-बीटा नसतो, तिथे सी-अल्फाच, नाहीतर प्रोग्रॅम अडतो). आणि ८ हे ढोबळच. खरंच टेकलेत का बघायचं तर हायड्रोजन सोडून बाकी अणूंमधलं सगळ्यात कमी अंतर काढा, ४.५ च्या आत हवं. सॉल्ट ब्रिजला (विरुद्ध विद्युतभाराच्या दोन साइड चेनमधल्या बंधाला) साधारण ४ धरतात, उदा. लायसीनचा नायट्रोजन ते अॅस्पार्टेटचा ऑक्सिजन.