नियतीवर लिहिणार असशील तर

नियतीवर लेख लिहायचाय म्हणतोस, तर आधी ‘सर्व साहित्यात नियती असतेच’ हे पहिलं वाक्य खोड. प्रत्येक प्रकारात ती वेगळी वागते. नाटकापासून सुरुवात कर. ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं ‘ईडिपस’ सुरू होतं तेव्हा नायकाच्या हातून, नकळत, बापाचा खून नि आईशी लग्न होऊन गेलेलं असतं. उरतो फक्त शोध. प्रेक्षकाला ठाऊक, नायकाला नाही. गोव्यात पेडण्याकडच्या जत्रेत दशावताराचं नाटक बघ. संवाद ऐनवेळी रचलेले, पण कर्णाचं चाक रुतणार हे पोराटोरांनाही माहीत. तरी माणसं पहाटेपर्यंत हलत नाहीत. का हलत नाहीत, हाच तुझ्या लेखाचा खरा प्रश्न.

कथेत जी. ए. कुलकर्णींना टाळता येणार नाही. पण त्यांना शेवटी वाच, नाहीतर भारावून त्यांच्यासारखंच लिहू लागशील. कादंबरीत नियती बहुधा कर्ज, जात, वारसाहक्क अशा वेषात येते. कवितेवर दोन ओळी पुरेत.

आणि कर्णाला नुसता दैवाचा बळी ठरवू नकोस. युद्धाआधी कृष्ण त्याला जन्मरहस्य सांगतो, तरी तो दुर्योधनाला सोडत नाही. महाभारताच्या उद्योगपर्वातला तो भाग वाच, मग कच्चा खर्डा घेऊन ये.