हाशिमोटो आहे, मग मेनोपॉजची हार्मोन्स घ्यायची की नाही?

प्रश्न: डॉक्टर, मी ५१ वर्षांची. १४ वर्षांपासून हाशिमोटोचा थायरॉइड आहे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटते तो), रोज सकाळी ७५ची गोळी, इतकी वर्षं टीएसएच (थायरॉइड कमी पडला की रक्तात वाढतो तो आकडा) २च्या आसपास, कधी त्रास नाही. पाळी बंद होऊन सव्वा वर्ष झालं आणि मग जे सुरू झालं ते काय सांगू, रात्री दोन-दोनदा गाऊन बदलायचा, उशी उलटी करायची, मीटिंगमध्ये बोलता बोलता तोंड लालबुंद. गायनॅक मॅडमनी इस्ट्रोजेनची गोळी आणि रात्री प्रोजेस्टेरॉन दिलं. महिन्याभरात घाम थांबला, मी खूश. पण तीन महिन्यांनी जिना चढताना पाय शिशाचे झाल्यासारखे, आवाज घोगरा, पोट साफ नाही, आणि टीएसएच आला ७.८. थायरॉइडचे डॉक्टर म्हणाले तुमच्या आजाराला हार्मोन्स चालत नाहीत, बंद करा. गायनॅक म्हणतात माझ्या गोळीचा थायरॉइडशी संबंधच नाही, त्यांनाच विचारा. मी नुसती फाइल घेऊन इकडून तिकडे. माझा आजार भडकलाय का? बंद करू का सगळं? मला तो घाम परत नकोय हो.

उत्तर: ताई, आधी एक सांगते, स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नका, ना ही गोळी ना ती. आणि आजार भडकलाय असं मला तरी वाटत नाही. दोन्ही डॉक्टर अर्धं अर्धं बरोबर आहेत, पण उरलेल्या अर्ध्यात तुमचे हाल चाललेत.

झालं काय ते बघा. थायरॉइडचं हार्मोन रक्तात मोकळं फिरत नाही, बहुतेक सगळं प्रोटीनला चिकटून फिरतं, आणि त्यातलं मुख्य प्रोटीन म्हणजे टीबीजी, ते लिव्हर बनवतं. शरीराच्या कामाला येतो तो फक्त सुटा राहिलेला चिमूटभर भाग, त्यालाच रिपोर्टात फ्री टी४ म्हणतात. आता इस्ट्रोजेन गोळीतून पोटात गेलं की आतड्यातून ते थेट लिव्हरकडे जातं आणि लिव्हर जास्त टीबीजी तयार करायला लागतं. मग जास्त हार्मोन त्याला चिकटतं आणि सुटा भाग कमी पडतो. ज्यांची ग्रंथी धडधाकट आहे त्यांचं काही बिघडत नाही, ग्रंथी थोडं जास्त हार्मोन बनवते आणि विषय संपतो. तुमच्या ग्रंथीला ते जमत नाही, तुमची बहुतेक कमाई म्हणजे गोळीतले रोजचे ७५ मायक्रोग्रॅम. पगार तेवढाच आणि घरात खाणारी तोंडं वाढली, तसं झालंय. गरोदरपणात थायरॉइडची गोळी वाढवावी लागते त्यामागेही बरंचसं हेच कारण असतं.

ही काही कालपरवाची माहिती नाही बरं का. २००१ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये यावर अभ्यास आला होता, पाळी गेलेल्या आणि थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बायकांना इस्ट्रोजेनची गोळी दिली तर त्यातल्या बऱ्याच जणींचा टीएसएच वर गेला, थायरॉइडचा डोस वाढवावा लागला. त्यामुळे “संबंधच नाही” हे ऐकून मला जरा वाईटच वाटलं.

आणि “हाशिमोटोला हार्मोन्स चालत नाहीत” हेही खरं नाही. हार्मोन्स नको म्हणायची कारणं वेगळी आहेत, ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेला असणं, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असणं, स्ट्रोक किंवा हार्ट अटॅक, लिव्हरचा चालू आजार, कारण न कळलेला रक्तस्राव. यात हाशिमोटो कुठेच नाही. २००२ मध्ये अमेरिकेतली मेनोपॉजच्या हार्मोन्सवरची ती मोठी डब्ल्यूएचआयची (वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह) ट्रायल मधेच थांबवली तेव्हापासून हार्मोन्स म्हटलं की सगळे दचकतात, पण त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. साठीच्या आत असाल किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, आणि त्रास तुमच्यासारखा असेल, तर बहुतेक जणींना फायद्याचं पारडं जड असतं. तुम्ही ५१ च्या आहात.

मग करायचं काय? एक रस्ता म्हणजे इस्ट्रोजेनची गोळी चालू ठेवून थायरॉइडचा डोस वाढवायचा. दुसरा म्हणजे इस्ट्रोजेनचा पॅच किंवा जेल घ्यायचं. कातडीतून गेलेलं इस्ट्रोजेन आधी लिव्हरवर जाऊन आदळत नाही, त्यामुळे टीबीजी फारसं वाढत नाही आणि थायरॉइडचा डोस बहुतेक आहे तिथेच राहतो. शिवाय गोळीने रक्ताच्या गुठळीचा धोका थोडा वाढतो, पॅचने तसा वाढताना दिसत नाही. माझ्यासमोर हाशिमोटोवाली बाई बसली असती तर मी पॅचपासूनच सुरुवात केली असती. पण काहींना पॅचच्या गमाने पुरळ येतं, काहींना जेल वाळेपर्यंत थांबायचा कंटाळा, तेव्हा हे तुमच्या मॅडमशी बोलून ठरवा. रात्रीचं प्रोजेस्टेरॉन मात्र सोडायचं नाही, पिशवी शाबूत आहे तोवर नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर पिशवीचं अस्तर वाढत जातं आणि पुढे कॅन्सरचा धोका.

आता खरी गंमत. पत्राच्या शेवटी तुम्ही औषधांची यादी वेळेसकट लिहिलीत ना (ती वर छापलेली नाही), मला बाकी पत्रापेक्षा तीच जास्त कामाची वाटली. सहाला थायरॉइडची गोळी, सव्वासहाला कॉफी, साडेसहाला कॅल्शियम आणि केसांसाठी बायोटिन. आणि कंसात लिहिलंय, कॅल्शियम हार्मोन्ससोबतच सुरू केलं, हाडांसाठी. ताई, इथे दुसरा चोर सापडला! कॅल्शियम आणि लोह थायरॉइडच्या गोळीला आतड्यात धरून ठेवतात, ती रक्तात जातच नाही पुरती. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं, कॅल्शियम सरळ दुपारी किंवा रात्री जेवणाबरोबर न्या. कॉफीलाही निदान अर्धा तास, जमलं तर एक तास थांबा. म्हणजे तुमचा ७.८ इस्ट्रोजेनमुळे किती आणि कॅल्शियममुळे किती हे आज कोणीच सांगू शकणार नाही. म्हणून मी म्हणेन की आधी कॅल्शियमची वेळ बदला, गोळी की पॅच ते ठरवा, आणि मग ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच बघा, त्याआधी बघून उपयोग नाही कारण आकडा स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच. त्रास फारच असेल तर डॉक्टर डोस आधीही वाढवतील, पण त्यांना या दोन्ही गोष्टी माहीत असू द्या, नाहीतर डोसही वाढला, कॅल्शियमही हललं, पॅचही आला, आणि सगळं मिळून थायरॉइड जास्तच झाला असं व्हायचं.

आणि तसं झालं तर ओळखायलाही अवघड बरं. थायरॉइडचा डोस जास्त झाला की छाती धडधडते, झोप उडते, गरम होतं, घाम येतो. म्हणजे हुबेहूब मेनोपॉज! मग कोणीतरी म्हणणार हार्मोन्स कमी पडताहेत, वाढवा. टीएसएच बराच काळ फार खाली राहिला तर हाडं झिजतात, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. पुढे कधी इस्ट्रोजेनची गोळी थांबवलीत तर थायरॉइडचा वाढवलेला डोस पुन्हा कमी करावा लागू शकतो, हे बहुतेक जणी विसरतात.

बायोटिनचं राहिलंच. ते आजार बिघडवत नाही, रिपोर्ट बिघडवतं, काही मशीनवर टीएसएच खोटाच कमी येतो. रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा. आणि रिपोर्टात टोटल टी४ जास्त दिसला तर घाबरू नका, टीबीजी वाढलं की तो वाढतोच, तुम्ही टीएसएच आणि फ्री टी४ बघा. अँटी-टीपीओ (हाशिमोटो ओळखायची अँटिबॉडीची टेस्ट) मात्र दर वेळी करून घेऊ नका, एकदा पॉझिटिव्ह आली की आली, तिच्या आकड्यावर डोस ठरत नाही.

ती औषधांची यादी एका कागदावर लिहून दोन्ही डॉक्टरांना द्या. फाइल नका नेऊ, फाइल कोणी वाचत नाही.

प्रश्न: मलाही हाशिमोटो आहे. घाम वगैरे काही नाही, फक्त खाली कोरडेपणा आणि संबंधाच्या वेळी आग. इस्ट्रोजेनची क्रीम दिलीय, थायरॉइडचा डोस बदलावा लागेल का?

उत्तर: नाही. कमी डोसची योनीत लावायची क्रीम किंवा गोळी रक्तात अगदी नगण्य जाते, लिव्हरपर्यंत काही पोचत नाही. बिनधास्त वापरा, आणि दोन आठवड्यांत गुण नाही म्हणून सोडू नका, दोन-तीन महिने द्या.

प्रश्न: वय ३८, हाशिमोटो, पाच महिने पाळी नाही. मधेच अंगातून वाफा येतात. सगळे म्हणतात थायरॉइडमुळेच असेल. टीएसएच तर नॉर्मल आहे.

उत्तर: टीएसएच नॉर्मल असेल तर थायरॉइडवर ढकलून मोकळं होता येणार नाही. थायरॉइड कमी पडला की पाळी बिघडते हे खरं, पण वाफा हे त्याचं लक्षण नव्हे. हाशिमोटोसारखे ऑटोइम्यून आजार, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं ते, एकटे येतातच असं नाही, कधी कधी बीजकोशही लवकर थकतात, आणि चाळिशीच्या आत तसं झालं तर त्याला मेनोपॉज म्हणून सोडून द्यायचं नसतं. एफएसएच, इस्ट्रॅडिओल आणि प्रोलॅक्टिन ही रक्तातली हार्मोन्स तपासायला सांगा. निदान तेच निघालं तर हार्मोन्स घ्यावीतच, साधारण नैसर्गिक पाळी जाते त्या वयापर्यंत म्हणजे पन्नाशीपर्यंत, कारण इतक्या लवकर इस्ट्रोजेन गेलं तर हाडं आणि हृदय दोन्हींना महागात पडतं. मोठ्या बायकांबद्दल ऐकलेल्या धोक्यांचं गणित तुम्हाला लागू नाही, तुम्ही जे घेणार ते शरीरात एरवी असायलाच हवं होतं.

आणि प्रेग्नन्सी टेस्ट सगळ्यात आधी. हसू नका, यात भल्याभल्यांची विकेट गेलीय.