सेवा करायला गेलो, नातेवाईक पैसेच मागतात

"मॅडम, आम्ही इथं देवाचं काम करायला आलो. पण लोकांना आमच्याकडून इंजिन हवंय, फी हवीय, औषधं हवीत. देवाचं वचन कुणालाच नको. नाही म्हटलं तर उद्या बायबल अभ्यासाला कुणी येणार नाही. हो म्हटलं तर ते कशासाठी येतात हे मला कधीच कळणार नाही. आणि बायको म्हणते, लोक लोक काय करतोस, ते माझ्या घरचे आहेत."

हे सांगणारा माणूस मूळचा नगर जिल्ह्यातला, चार-पाच पिढ्यांपासूनच्या प्रोटेस्टंट घरातला. नोकरीसाठी दुबईला गेला आणि तिथं नर्स असलेल्या फिलिपिनो मुलीशी त्यानं लग्न केलं. दोघांनी पैसे साठवले आणि काही वर्षं तिच्या गावी राहून सेवाकार्य करायचं ठरवलं. गाव फिलिपिन्समध्ये, पानाय बेटावरच्या इलोइलो प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावर, एस्तान्सियाच्या बाजूला. मासेमारीवर जगणारं. दोघांच्या संमतीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून मी हे लिहिते आहे. परदेशी जोडीदाराच्या माणसांत राहून काही काम करू पाहणाऱ्या किती तरी मराठी जोडप्यांच्या मनात हीच काळजी असते.

समुपदेशनाच्या पहिल्या दोन-तीन बैठकांत तो एकटाच व्हिडिओ कॉलवर येत होता. रागाचं कारण होतं मानोंग, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. बायबल अभ्यास संपल्यावर चार जणांसमोर त्यानं होडीच्या इंजिनासाठी पैसे मागितले. यानं तेव्हा काहीच उत्तर दिलं नाही, पण रात्री कुटुंबाच्या मेसेंजर ग्रुपवर लिहिलं की आम्ही बँक नाही, आम्ही प्रार्थनेसाठी आलो आहोत. त्यानंतर ग्रुप गप्प झाला. पुढच्या आठवड्यात अभ्यासाला फक्त सासू आली.

मी विचारलं, "पैसे गेले याचं दुःख आहे की आणखी कशाचं?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "शाळेत मला पोरं चिडवायची. तुमचा पणजा भाकरीसाठी बाटला म्हणायची."

इथं मला त्याच्या रागाचं मूळ दिसलं. 1876 ते 78 च्या दुष्काळात नगर भागात मिशनऱ्यांनी माणसं जगवली, अनाथ मुलं सांभाळली, आणि त्यानंतरच्या वर्षांत कितीतरी कुटुंबं ख्रिस्ती झाली. ती श्रद्धेनं झाली, सन्मान मिळाला म्हणून झाली, की पोटासाठी झाली, याचा निवाडा शंभराहून जास्त वर्षांनंतर वर्गातल्या पोरांनी करायचा आणि एका मुलानं तो ऐकून घ्यायचा. असं लहानपण काढलेल्या माणसाला सेवा आणि तांदळाचं पोतं एका खोलीत दिसलं की सहन होत नाही. त्यात ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक हे त्याच्या घरचं आदराचं नाव. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली, हे त्यानं वडिलांकडून अनेकदा ऐकलं होतं. पैशाचा स्पर्श नसलेली सेवा हेच त्याच्या मनातलं चित्र. मानोंगनं ते चार माणसांत मोडलं.

पण त्या गावालाही स्वतःचा भूतकाळ आहे. 8 नोव्हेंबर 2013 ला हैयान वादळ, तिथले लोक त्याला योलांदा म्हणतात, उत्तर इलोइलोवरून गेलं. घरं पडली, होड्या फुटल्या. पुढं बरेच दिवस सरकार, संस्था, चर्च यांची मदत येत राहिली: तांदूळ, पत्रे, नव्या होड्या. ती मिळायची यादीत नाव असेल तर. आता या माणसानं काय केलं होतं? बायबल अभ्यासाला हजेरीची वही ठेवली होती. नाव, सही, मोबाइल नंबर. त्याच्या दृष्टीनं ती शिस्त होती. पण वादळ पाहिलेल्या गावात बाहेरचा माणूस वहीत नावं घेऊ लागला की लोकांच्या मनात काय येईल, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक गोष्ट त्याला बायकोनं कधी सांगितली नव्हती, बहुधा लाजेनं. फिलिपिन्समध्ये भारतीय माणसाला सरसकट 'बुंबाय' म्हणतात, आणि बुंबाय म्हटलं की मोटारसायकलवरून येणारा सावकार डोळ्यांसमोर येतो. पाच घ्यायचे, सहा फेडायचे, म्हणून त्या धंद्याचं नावच 'फाइव्ह-सिक्स'. हा व्यवसाय करणारे बहुतेक पंजाबी आहेत, पण गावातल्या माणसाला पंजाब आणि नगर यांतला फरक कसा माहीत असणार? भारतीय जावई, दुबईची कमाई, हातात वही. मागणाऱ्यांना यात वावगं वाटलं नाही, यात नवल नाही.

मी त्याला एक काम दिलं. गेल्या तीन महिन्यांत कुणी काय मागितलं आणि तो माणूस अभ्यासाला येतो की नाही, एवढंच लिहून काढायचं. स्वतःचं मत लिहायचं नाही. यादी आली तेव्हा तो स्वतःच चक्रावला. सगळ्यांत जास्त मागणारी माणसं अभ्यासाला कधी आलीच नव्हती. नेमानं येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांपैकी एकीनंही काही मागितलं नव्हतं. येणाऱ्यांतले तिघं मागणारे होते. त्यातला मानोंग इंजिनाचं ठरल्यावर यायला लागला आणि नकारानंतर थांबला, हेही त्या यादीत स्पष्ट दिसत होतं. म्हणजे त्याची शंका अगदीच खोटी नव्हती. पण एका माणसाचं वागणं त्यानं सगळ्या गावावर लावलं होतं.

त्यानंतर मी बायकोशी स्वतंत्र बोलले. तिचं इंग्रजी नेटकं, हॉस्पिटलच्या शिस्तीतलं, पण घराचा विषय निघाला की तिच्या बोलण्यात हिलिगायनॉन, म्हणजे तिच्या भागातल्या भाषेतले, शब्द यायचे. तिच्या शिक्षणासाठी वडिलांनी होडीतला आपला हिस्सा गहाण टाकला. धाकटीनं कॉलेज सोडून दुकानात काम धरलं. मानोंग त्या काळात दुसऱ्याच्या होडीवर मजुरीनं जायचा, आणि त्याच्या मजुरीतून तिच्या वसतिगृहाचे पैसे जायचे. "ते माझ्याकडे भीक मागत नाहीत," ती म्हणाली. "त्यांनी घातलेलं ते मागतात."

नवऱ्याला यातलं अर्धंही ठाऊक नव्हतं. आणि तिनंही एक गोष्ट लपवली होती. त्या भांडणानंतर ती मोबाइलवरच्या जीकॅशमधून मानोंगला थोडे थोडे पैसे पाठवत होती.

फिलिपिनो माणसाच्या अशा वागण्यावर बाहेरच्यांनी भरपूर लिहिलं आहे: कृतज्ञतेचं ओझं, लाज, भिडस्तपणा. व्हर्जिलिओ एनरिकेझ या फिलिपिनो मानसशास्त्रज्ञानं 1970 च्या दशकापासून या मांडणीला ठाम विरोध केला. तो म्हणायचा, हे सगळे वरवरचे पदर आहेत, मुळाशी आहे 'काप्वा', म्हणजे समोरच्यात स्वतःला पाहणं. बाहेरच्या माणसाशी तुम्ही शिष्टाचारानं वागता, आपल्या माणसाशी एकरूप होता, आणि या दोन टोकांच्या मध्ये बऱ्याच पायऱ्या असतात. माझ्या मते या घरात नेमका इथंच गुंता होता. गावानं जावयाला आपल्या माणसांत धरलं होतं, म्हणूनच मागणं इतकं मोकळं होतं. त्यानं मात्र ग्रुपवर लिहून सगळ्यांना एका फटक्यात बाहेरचं केलं.

दोघांना एकत्र बसवलं तेव्हा ती बैठक सोपी नव्हती. जीकॅशचं कळल्यावर तो म्हणाला, "म्हणजे आपली सेवा खोटीच होती." तिनं तीमथ्याच्या पहिल्या पत्रातल्या पाचव्या अध्यायाची आठवण दिली: जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही, त्यानं विश्वास नाकारला. त्यानं थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं दुसरं पत्र काढलं: काम करायचं नसेल त्यानं खाऊ नये. मी ख्रिस्ती नाही, वचनांचा अर्थ लावायचा अधिकार माझा नाही. पण दोघं एकमेकांवर वचनं फेकत आहेत हे मला दिसत होतं, आणि तेवढं मी बोलले. मग तीच हळूच म्हणाली की मार्काच्या सातव्या अध्यायात येशू नेमका अशा लोकांवर रागावतो, जे देवाला वाहिलंय असं सांगून आई-बापांचं देणं चुकवतात. तो थोडा वेळ गप्प राहिला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं विचारलं, "मानोंगनं किती वर्षं पैसे भरले?"

पुढच्या काही बैठकांत आम्ही पैशाचे दोन रस्ते केले. घरच्यांची मदत ही घरच्यांची मदत. तिला सेवेचं नाव द्यायचं नाही. त्यासाठी महिन्याला ठरावीक रक्कम, ती बायकोच्या हातात, आणि ती कुणाला द्यायची हे तिनं ठरवायचं. नवऱ्यानं हिशेब विचारायचा नाही, बायकोनं रकमेबाहेर लपून द्यायचं नाही. आजारपण आणि मयत हे अपवाद. तिथं मयताच्या घरी पैसे देण्याची रीत आहे आणि तिथं मागं राहणं बरं दिसत नाही. सेवेचा पैसा वेगळा. तो गावातल्या जुन्या बॅप्टिस्ट चर्चच्या समितीमार्फतच जाईल, आणि देणारा म्हणून या दोघांचं नाव कुठंही येणार नाही. अभ्यासाच्या दिवशी आणि अभ्यासाच्या घरी पैशाची देवघेव बंद. हजेरीची वहीही बंद.

ही रक्कम त्यांच्या दुबईच्या काळातल्यापेक्षा कमी ठरली, आणि हे घरच्यांना सांगणं सगळ्यांत अवघड होतं. परदेशातून परत आलेली मुलगी म्हणजे पगार थांबलेली मुलगी, हे गावात कुणाच्या ध्यानात येत नाही. तिनं आईला बचतीचा कागद दाखवला. किती उरलेत आणि किती महिने पुरतील, सगळं. नानाय, म्हणजे तिची आई, म्हणाली, हे आधी का नाही सांगितलंस?

त्या चर्चचा विषय मीच काढला होता. "गावात आधीपासून पाळक नाहीत का?" होते. अल्प मानधनावर, स्वतः थोडी शेती करून. हा माणूस त्यांना आल्या आल्या एकदा भेटला होता आणि मग स्वतःचा अभ्यासवर्ग स्वतःच चालवत होता. पानायवर बॅप्टिस्टांचं काम 1900 मध्ये सुरू झालं. एरिक लुंड हा स्वीडिश धर्मप्रचारक इलोइलोला आला तेव्हा त्याच्याबरोबर ब्राऊलिओ मनिकान होता, पानायचाच माणूस. पहिल्या दिवसापासून तिथली वाट तिथल्या माणसाला सोबत घेऊन निघाली आहे. ख्रिस्ती श्रद्धा इथल्या मातीतली व्हावी असं म्हणणाऱ्या टिळकांना मानणाऱ्याला हे पटवून द्यावं लागलं नाही. तो पाळकांकडे गेला आणि पहिलाच प्रश्न विचारला तो कॅथलिक मयताचा.

हा प्रश्न बरेच दिवस घरात साचला होता. देशातली दर पाच माणसांतली जवळपास चार रोमन कॅथलिक, आणि सासरही तसंच. मयत झाल्यावर नऊ दिवस प्रार्थना चालते, रोझरी, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना, म्हटली जाते. बायकोच्या मावशीच्या वेळी तो तिथं गेला नव्हता, मूर्तीपुढं बसणं त्याच्या मनाला पटत नव्हतं. पाळकांनी सांगितलं की ते स्वतः दर वेळी जातात. बाहेर पुरुषांच्या बाकावर बसतात, कॉफी-बिस्किटं वाटायला हात लावतात, रोझरी म्हणत नाहीत, आणि याचं आजवर कुणाला वाईट वाटलेलं नाही. श्रद्धेच्या प्रश्नावर मी मुद्दामच उत्तर देत नाही. अशी उत्तरं त्याच मातीतल्या, त्याच श्रद्धेच्या माणसाकडून आली तरच टिकतात.

मानोंगकडे निरोप कुणी न्यायचा, यावर आमची बरीच चर्चा झाली. नवऱ्याला स्वतः जाऊन बोलायचं होतं, समोरासमोर, स्पष्ट. मी अडवलं. तिथं नकार आणि दिलगिरी दोन्ही मधल्या माणसाकडून आधी पोचतात, मग माणूस भेटतो. धाकटी बहीण गेली. त्यानंतर एका संध्याकाळी तो सासूकडे गेला, तिचा हात कपाळाला लावला आणि ग्रुपवर लिहिल्याबद्दल माफी मागितली. नानायनं त्याला जेवायला बसवलं. मानोंग त्या दिवशी आला नाही, चार दिवसांनी मासे घेऊन आला आणि कशाबद्दलच बोलला नाही. तेवढं पुरेसं होतं.

इंजिन शेवटी गावातल्या पालुवागानमधून, म्हणजे आपल्याकडच्या भिशीतून आलं. धाकटीनं आपली पाळी भावाला दिली आणि बायकोनं तिच्या महिन्याच्या रकमेतून हप्त्यात भर घातली. मानोंग अभ्यासाला अजूनही येत नाही. नानाय रविवारी मिस्साला, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या उपासनेला, जाते आणि गुरुवारी अभ्यासासाठी तिचीच ओसरी उघडी असते. मध्यंतरी त्यानं मला विचारलं, "मग माझं काम फसलं का?" मी उलट विचारलं की मानोंगला तुम्ही भाऊ म्हणून भेटता की अजून न आलेला माणूस म्हणून? त्याचं उत्तर त्यानं अजून दिलेलं नाही, आणि मला त्याची घाईही नाही.

आता नवा विषय आला आहे. त्यांची मुलगी नऊ वर्षांची. मे महिन्यात गावात मारिया मातेला फुलं वाहण्याचा उत्सव असतो, मुली पांढरे कपडे घालून चर्चमध्ये जातात. आजीनं नातीसाठी फ्रॉक शिवायला टाकला आहे. बाबांना ते नकोय, आईला आजीचं मन मोडायचं नाही, आणि मुलीला मैत्रिणींबरोबर जायचंय. पुढच्या बैठकीला मी तिलाही बोलावलं आहे. अर्धा तास फक्त तिचा. आई-बाबांनी तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसायचं, हे दोघांनी कबूल केलं आहे.