छातीवरचे ओझे, ध्यानातली डुलकी आणि पणजीचा पुतळा

या अंकासाठी आलेल्या पत्रांत झोपेविषयीची पत्रे अधिक होती. त्यांतली चार निवडली असून लेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी २१ वर्षांची असून अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या दोन महिन्यांत चार वेळा पहाटे जाग आली, खोली, पंखा, खिडकी सगळे स्पष्ट दिसत होते, पण हातपाय हलवता येईनात आणि ओरडताही येईना. छातीवर कोणीतरी बसले आहे आणि दाराशी आणखी कोणी उभे आहे असे वाटत राहिले. आजी म्हणते, हा देवचाराचा प्रकार आहे, देवळात कौल घेऊया. दादा म्हणतो, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवूया. मला वेड तर लागणार नाही ना?
– विद्यार्थिनी, फोंडा तालुका

उत्तर : वेड लागण्याचे हे लक्षण नाही, हे आधी सांगून टाकतो. या अनुभवाला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. मराठीत त्याला निद्रापक्षाघात असे भीतीदायक नाव मिळाले आहे, परंतु खऱ्या पक्षाघाताशी त्याचा काही संबंध नाही.

आपली झोप रात्रभर एकसारखी नसते. साधारण ९० मिनिटांच्या एकेका फेऱ्यात ती उथळ होते, गाढ होते आणि मग अशा एका टप्प्यात शिरते, की ज्यात मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळे वेगाने फिरत असतात. शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की आणि नेथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये या टप्प्याविषयीची निरीक्षणे प्रसिद्ध केली. आज त्याला रेम झोप म्हणतात. गोष्टीसारखी उलगडत जाणारी स्वप्ने बहुतांशी याच टप्प्यात पडतात, आणि नेमक्या त्याच वेळी मेंदूच्या बुंध्याकडून पाठीच्या कण्यात जाणारे संदेश हातापायांचे स्नायू ढिले पाडून ठेवतात. तसे नसते तर स्वप्नात धावणारा माणूस खाटेवरून उठून खरोखरच धावू लागला असता. डोळे हलवणारे स्नायू आणि श्वासपटल यांना मात्र या बंदोबस्तातून सूट असते.

तुमच्या बाबतीत जाग पुढे आली आणि हा ढिलेपणा मागे रेंगाळला. बरगड्यांमधले स्नायू सैल असल्यामुळे श्वास एकट्या श्वासपटलावर चाललेला असतो. घाबरून आपण मोठा श्वास घेऊ पाहतो, तो हवा तसा ओढला जात नाही, आणि छातीवर ओझे असल्याचे वाटू लागते. भीतीशी निगडित असलेला मेंदूचा भाग रेम झोपेत चांगलाच जागा असतो. तोही अजून निवलेला नसतो, म्हणून रिकाम्या दारात कोणीतरी उभे असल्याची खात्री पटते. हे पहाटेच का होते, तर रात्र सरत जाते तसतसे रेमचे टप्पे लांबत जातात.

आजींना खोटे पाडू नका. त्यांनी वर्णन अचूकच केले आहे. फरक आहे तो कारणाचा. न्यूफाउंडलंडमधले लोक म्हणतात की छातीवर म्हातारी चेटकीण बसली, तर जपानमध्ये याला कानाशिबारी, म्हणजे धातूने जखडले जाणे, असे म्हणतात. ज्या मुलखाला जो पाहुणा ओळखीचा, तोच त्या दारात उभा राहिला. (आपल्याकडचा देवचार तर गावाच्या शिवेची राखण करणारा. त्याने आपले काम सोडून अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीच्या छातीवर येऊन बसावे, हे त्याच्या लौकिकाला शोभत नाही, असे मला आपले वाटते.) कौल घेतल्याने घरच्यांना धीर येणार असेल तर माझी हरकत नाही, मात्र तो उजवा आला किंवा डावा आला, तरी झोपेची वेळ सांभाळणे चुकत नाही. परीक्षेसाठी केलेली जागरणे, रोज बदलणारी झोपेची वेळ आणि उताणे झोपणे या तीन गोष्टींमुळे हा प्रकार वाढतो. त्यात झोपायचीच धास्ती बसली की झोप आणखी तुटक होते आणि पुढची खेप लवकर येते. म्हणून कुशीवर झोपा आणि सुट्टीच्या दिवशीही ठरल्या वेळी उठा. पुन्हा तसे झालेच तर सगळे अंग हलवण्याची झटापट न करता फक्त पायाचा अंगठा किंवा एखादे बोट हलवण्याचा प्रयत्न करा आणि श्वास संथ चालू द्या. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत ते आपोआप सुटते.

दादाचे म्हणणे एका परिस्थितीत मी मान्य करीन. दिवसा बसल्या जागी आवरता न येणारी झोप लागत असेल, किंवा मोठ्याने हसताना गुडघे अचानक लुळे पडत असतील, तर तो नार्कोलेप्सी नावाचा वेगळा विकार असू शकतो आणि त्यासाठी डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे.

प्रश्न : माझे यजमान ६४ वर्षांचे आहेत. गेले वर्षभर ते झोपेत लाथा मारतात, ओरडतात. एकदा मला जोरात गुद्दा लागला. जागे केल्यावर सांगतात की स्वप्नात कुत्रा अंगावर आला होता. स्वभावाने ते अतिशय शांत आहेत. त्यांच्या मनात माझ्याविषयी राग साचला असेल का?
– गृहिणी, डिचोली

उत्तर : नाही, असा अर्थ मुळीच काढू नका. वरच्या पत्रात जो ढिलेपणा जाग आल्यावरही सुटत नव्हता, तो तुमच्या यजमानांच्या बाबतीत स्वप्न चालू असतानाच सुटतो आहे, असे वर्णनावरून दिसते. फ्रान्समध्ये मिशेल जूव्हे यांनी मांजरांच्या मेंदूच्या बुंध्यातील एका लहानशा भागाला इजा केली, तेव्हा ती मांजरे रेम झोपेत असूनही नसलेल्या भक्ष्यावर झडप घालू लागली. माणसांतल्या अशा विकाराचे रीतसर वर्णन अमेरिकेतील मिनेसोटा येथे कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी १९८६ मध्ये केले. पन्नाशीनंतरच्या पुरुषांत तो अधिक आढळतो, काही वेळा नैराश्यावरच्या औषधांमुळेही उद्भवतो, आणि काही रुग्णांत तो पार्किन्सनसारख्या आजाराच्या कित्येक वर्षे आधी दिसू लागतो. म्हणून यात दिरंगाई नको. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, ते रात्रभराची निद्राचाचणी सुचवतील. तोवर खाटेजवळच्या काचेच्या आणि टोकदार वस्तू हलवा, आणि काही दिवस वेगळ्या खाटेवर झोपण्यात कमीपणा मानू नका.

प्रश्न : मी ६७ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. एका शिबिरात ध्यान शिकलो आणि आता रोज संध्याकाळी सात वाजता आरामखुर्चीत पाऊण तास बसतो. बहुतेक वेळा डोळा लागतो. रात्री दहाला झोपतो, पण तीनला टक्क जाग येते. मग घड्याळ पाहत पडून राहतो. कधीकधी पत्नीची झोपेची गोळी घेतो. एक तासाचे ध्यान म्हणजे चार तासांची झोप, असे शिबिरात सांगितले होते. मग माझी झोप भरून निघायला नको का?
– निवृत्त शिक्षक, माशेल

उत्तर : गुरुजी, हे गणित तुमच्या विद्यार्थ्याने मांडले असते तर तुम्ही त्याला पायऱ्या दाखवायला सांगितले असते. ध्यानात मेंदूच्या विद्युत्‌लहरी मंदावतात हे खरे, पण गाढ झोपेत दिसणाऱ्या अतिमंद डेल्टा लहरींचा तो टप्पा ध्यानाने उभा राहत नाही. ध्यान आणि झोप यांची सीमा मात्र एकमेकींना इतकी लागून आहे, की शांत बसलेला माणूस नकळत पलीकडे जातो. हे आपल्या परंपरेला ठाऊक नव्हते असे नाही. पतंजलींनी निद्रेची गणना चित्ताच्या पाच वृत्तींत केली आहे, म्हणजे जिचा निरोध करायचा तिच्यात. आणि गौडपादांनी मांडुक्यकारिकेत ‘लये संबोधयेच्चित्तम्’, म्हणजे चित्त लय पावू लागले की त्याला जागे करावे, असे स्पष्ट सांगितले आहे. आरामखुर्चीतल्या पाऊण तासाला ते ध्यान म्हणाले नसते.

तो पाऊण तासच तुमची रात्र खातो आहे, असे माझे मत आहे. अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडल्याप्रमाणे झोप दोन गोष्टींवर ठरते. एक शरीरातले घड्याळ, आणि दुसरा जागेपणी तासागणिक साचत जाणारा झोपेचा दाब. मेंदूत साठणारे ॲडेनोसिन हे द्रव्य या दाबामागचे एक महत्त्वाचे कारण असून, चहा-कॉफीतले कॅफिन नेमके त्याच्याच आड येते. संध्याकाळी सातची डुलकी हा साचलेला दाब ओतून टाकते, आणि मग तीनला तिजोरी रिकामी होते. दुपारच्या वामकुक्षीला मी इतका विरोध करणार नाही. दुपारची पेंग केवळ जेवणाने येत नाही, ती शरीराच्या घड्याळातच आहे, आणि एक वाजता फळ्या लावणाऱ्या गोव्यातल्या दुकानदारांना ते शास्त्राच्या आधीच उमगले होते. फक्त ती वीस-पंचवीस मिनिटांत आटोपावी.

ध्यान सकाळी करा, पाटावर ताठ बसून, डोळे अर्धवट उघडे ठेवून. रात्री दहाऐवजी अकराला, तेही झोप येत असेल तरच, अंथरुणावर जा आणि सकाळची उठण्याची वेळ मात्र कधीही बदलू नका. तीनला जाग आली आणि बऱ्याच वेळात झोप आली नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा. घड्याळाचे तोंड भिंतीकडे करा. रिचर्ड बुट्झिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेल्या या उपायामागची कल्पना अशी, की अंथरूण आणि तळमळ यांची मनाने घातलेली जोडी मोडायची. पहिले काही दिवस अधिकच थकवा जाणवतो आणि बहुतेक लोक तिथेच हा उपाय सोडून देतात, म्हणून तो काही आठवडे नेटाने चालवण्याची तयारी ठेवा. अशा सवयी आणि विचार बदलणाऱ्या उपचारालाच जुनाट निद्रानाशावरचा पहिला उपाय मानावे, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये केली. शिवाय वाढत्या वयात गाढ झोप कमी होतच जाते. रात्रीतून एकदा जाग येणे हा आजार नव्हे.

पत्नीची गोळी घेणे आजपासून बंद करा, पण ती आठवड्यातून बरेच दिवस घेत असाल तर एकदम न थांबवता डॉक्टरांना विचारून कमी करत न्या. या वयात रात्री लघवीला उठताना तोल जाऊन खुबा मोडण्यामागे अशा गोळ्या असू शकतात. आणि तुम्ही घोरता का, हे पत्नीला विचारा. घोरता घोरता श्वास थांबत असेल, तर वर सांगितलेले सगळे बाजूला ठेवून आधी त्याची तपासणी करून घ्या.

प्रश्न : पणजीतल्या जुन्या सचिवालयाशेजारचा आबे फारिया यांचा पुतळा रोज पाहतो. संमोहन म्हणजे झोपच असते का? आणि संमोहनाने निद्रानाश बरा होतो का?
– वाचक, पणजी

उत्तर : आबे फारिया, म्हणजे जुझे कुस्तोदियु द फारिया, यांचा जन्म कांदोळी येथे १७५६ मध्ये झाला. १८१३ पासून त्यांनी पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग केले. त्या काळी समजूत अशी होती, की संमोहन करणाऱ्याच्या हातांतून एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो आणि समोरचा माणूस गुंगतो. फारियांनी ते नाकारले. ते माणसाला स्वस्थ बसवीत, डोळे मिटून झोपेचा विचार करायला सांगत आणि मग ‘झोपा!’ अशी आज्ञा देत. जे घडते ते त्या माणसाच्या स्वतःच्या मनात घडते, हे त्यांचे प्रतिपादन होते, आणि त्यावरचे त्यांचे पुस्तक १८१९ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी निघाले. (काहींनाच ही गुंगी का येते, याचे कारण मात्र त्यांनी रक्ताचा पातळपणा असे दिले, ते टिकले नाही.) मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला १९४५ चा पुतळा देखणा आहे, पण त्यात फारियांचे हात समोरच्या संमोहित स्त्रीच्या अंगावर असे पसरलेले आहेत, की पाहणाऱ्याला नेमके तेच वाटावे जे फारियांनी आयुष्यभर खोडून काढले.

फारिया या अवस्थेला सजग निद्रा अशा अर्थाचे नाव देत. पुढे जेम्स ब्रेड यांनी ग्रीक भाषेतल्या झोपेच्या शब्दावरून हिप्नॉटिझम हे नाव रूढ केले आणि ते फसवे आहे हे लक्षात आल्यावर बदलण्याचाही प्रयत्न केला, पण तोवर उशीर झाला होता. संमोहित माणूस झोपलेला नसतो; त्याच्या मेंदूच्या लहरी जागेपणाच्याच असतात, फक्त लक्ष एका गोष्टीवर खिळलेले असते. त्यामुळे संमोहनाने झोप आणता येत नाही. झोपेआधीचा ताण मात्र काहींच्या बाबतीत त्याने कमी होतो. तो प्रयोग रंगमंचावर खेळ करणाऱ्याकडून न करवता प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडूनच करून घ्यावा. बांबोळीच्या सरकारी मानसोपचार रुग्णालयात निद्रानाशासाठीही जाता येते, आणि तिथवर जाण्याआधी कोणाशी बोलायचे असल्यास केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे.