दुबईला निघण्याआधी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

आखातात नोकरीला निघालेल्यांसाठी या वेळी प्रश्न मागवले होते. लातूर, बीड, नांदेडपासून जालन्यापर्यंतची पत्रं आली, त्यात दुबईचीच जास्त. म्हणून हा अंक दुबईपुरता ठेवला आहे.

पोरगं नववीपर्यंत शिकलंय. सहा वर्षं वेल्डिंगच्या दुकानावर आहे. तालुक्याचा एक एजंट दीड लाख मागायलाय. म्हणतो, आता व्हिजिटवर जाऊ द्या, कामाचा व्हिसा तिथं गेल्यावर लागतो. पैसे सावकाराकडून शेकडा तीननं काढावे म्हणतो. द्यावेत का?
— एक वडील, भूम, जि. धाराशिव

देऊ नका, काका. आधी पासपोर्ट बघा. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर बहुतेक वेळा ‘ईसीआर’ असा शिक्का छापलेला असतो. असा पासपोर्ट घेऊन अमिरातीत कामाला जायचं तर १९८३च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे सरकारची मंजुरी लागते. ती ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावरून मिळते आणि अर्ज एक तर तिथल्या मालकाकडून होतो, नाही तर परवानाधारक भरती एजंटाकडून. या एजंटांची यादी त्याच संकेतस्थळावर आहे. तिथं नाव आणि परवाना क्रमांक टाकून बघा, परवाना चालू आहे की संपलाय तेही दिसतं. तालुक्यात फिरणारा माणूस ‘मी मुंबईच्या अमक्याचा माणूस’ म्हणत असेल, तर ध्यानात घ्या की उपएजंट ही गोष्टच कायद्याला मान्य नाही.

पैशाचं म्हणाल तर परवानाधारक एजंटाला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात. तेही पावतीवर, बँकेतून. अमिरातीच्या कायद्यात तर भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकाचा आहे, तो कामगाराकडून वसूल करायला बंदी आहे. मग दीड लाख कशाचे, हे त्याला सरळ विचारा.

व्हिजिटचं बोलणं अर्धं खरं आहे, आणि माणूस फसतो तो त्या अर्ध्यातच. मालकानं परवाना काढला तर तिथल्या तिथं व्हिजिटचा कामाचा व्हिसा करता येतो. पण परवाना हातात येईपर्यंत एक दिवसही काम करणं गुन्हा आहे. व्हिजिटची मुदत संपली की रोज ५० दिरहम दंड चालू होतो, महिन्याला १,५००. शिवाय व्हिजिटवर गेलेल्या पोराची ई-मायग्रेटवर नोंद नसते आणि त्याचा प्रवासी भारतीय विमाही नसतो. हा विमा मंजुरीसाठी सक्तीचा आहे. हप्ता दोन वर्षांचा २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५ आणि वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण मिळतं. वेल्डिंगच्या कामावर जाणाऱ्या पोराचा हा कागद सोडू नका.

सावकाराचा हिशेबही मांडून बघा. दीड लाखाला शेकडा तीननं महिन्याला ४,५०० रुपये नुसतं व्याज. करार दोन वर्षांचा धरला तर १,०८,००० रुपये व्याजातच जातात आणि मुद्दल जागेवर राहतं. हे कर्ज डोक्यावर असलं की पोरगं वाईट मालकाकडंही निमूट राहतं, घरी सांगत नाही.

अजून एक काम निघण्याआधी करा : छातीचा एक्स-रे. दुबईत उतरल्यावर राहण्याच्या व्हिसासाठी रक्ताची तपासणी आणि एक्स-रे होतो. एचआयव्ही किंवा क्षयरोग निघाला तर व्हिसा अडतो आणि परत पाठवण्याची वेळ येऊ शकते. जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाचा डागही अडचणीचा ठरू शकतो. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या किंवा लातूरच्या सरकारी रुग्णालयात आधी काढून घ्या, म्हणजे तिकिटाचे पैसे घालण्याआधीच कळेल.

वाळूजच्या कंपनीत अकाउंट्सला आहे. दुबईहून ६,००० दिरहमची ऑफर आली आहे. पत्रात बेसिक २,४०० आणि बाकी घरभाडं, प्रवास, ‘इतर भत्ते’ असं लिहिलंय. मित्र म्हणतात, हातात ६,००० पडणार, मग बेसिकला काय बघायचं?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

दर महिन्याला हातात तेवढेच पडतील, हे खरं. पण नोकरी सोडताना, सुटताना किंवा जाताना जे मिळतं ते बरंचसं बेसिकवर मोजलं जातं. मराठवाड्यातून जाणारी हुशार मुलं इथंच गाफील राहतात, म्हणून आकडे देतो.

एक वर्ष पूर्ण झालं की ग्रॅच्युइटी लागू होते. पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक, त्यापुढं दर वर्षाला ३० दिवसांचं. बेसिक २,४०० म्हणजे दिवसाला ८० दिरहम, वर्षाला १,६८०, पाच वर्षांचे ८,४००. तेच बेसिक ३,६०० असतं तर दिवसाला १२०, पाच वर्षांचे १२,६००. पगार दोन्हीकडं ६,००० च.

न घेतलेल्या रजेचे पैसेही नोकरी सोडताना बेसिकवर मिळतात. ओव्हरटाइमचा वाढीव दर बेसिकवर ठरतो. नोकरी गेली तर मिळणारा विमा तिथं २०२३ पासून सक्तीचा आहे. बेसिक १६,००० पर्यंत असेल तर महिन्याला ५ दिरहम हप्ता, आणि किमान १२ महिने हप्ते भरलेले असतील तर बेसिकच्या ६० टक्के रक्कम तीन महिन्यांपर्यंत मिळते. २,४०० चे ६० टक्के म्हणजे १,४४० दिरहम. दुबईत एका माणसाचं खोलीतल्या खाटेचं भाडं, ज्याला तिथं ‘बेडस्पेस’ म्हणतात, आणि जेवण यांतच ते संपतात.

तेव्हा आजच उत्तर लिहा : एकूण ६,००० तेच राहू द्या, बेसिक निम्म्याच्या वर घ्या आणि ‘इतर भत्ते’ ही ओळ कमी करा. कंपनीला महिन्याचा खर्च तेवढाच असल्यानं पुष्कळदा हे मान्य होतं. मात्र सही करण्याआधी. नंतर कोणी ऐकत नाही.

दुसरं म्हणजे, कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र आणि तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर हे दोन वेगळे कागद आहेत. धरला जातो तो मंत्रालयाचा. त्यातले आकडे लेटरहेडशी जुळतात का, ओळन् ओळ ताडून बघा. हा नमुना हिंदीतही मिळतो. परीक्षेचा काळ, म्हणजे प्रोबेशन, सहा महिन्यांच्या वर नसावा, वार्षिक रजा ३० दिवस असावी. पासपोर्ट कंपनीनं ठेवून घेणं बेकायदेशीर आहे, ‘सांभाळायला’ म्हणून मागितला तरी देऊ नका.

बी.एस्सी. नर्सिंग झालंय, दुबईत अर्ज करायचाय. एकानं सांगितलं डिग्रीवर अपोस्टिल करून घ्या, चार दिवसांत होतं. खरं का?
— एक वाचक, परळी वैजनाथ, जि. बीड

नाही ताई. अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. तो हेग कराराच्या देशांत चालतो. भारत त्यात २००५ पासून आहे, सौदी २०२२ मध्ये आलं, पण अमिरात त्यात नाही. दुबईसाठी शिक्क्यांची साखळी लागते : आधी विद्यापीठाची पडताळणी, मग राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास किंवा वाणिज्य दूतावास आणि शेवटी तिथं पोचल्यावर त्यांचं परराष्ट्र मंत्रालय. एक शिक्का चुकला की पुढचा बसत नाही. चार दिवसांचं काम नाही, आठवडे हाताशी ठेवा.

नर्सिंगला याशिवाय दुबई आरोग्य प्राधिकरणाचा परवाना लागतो. त्यासाठी ‘डेटाफ्लो’ नावाची पडताळणी होते, म्हणजे तुमचं विद्यापीठ, नर्सिंग कौन्सिल आणि जिथं नोकरी केली ते रुग्णालय यांना थेट विचारलं जातं. मग संगणकावरची परीक्षा. अडतं ते बहुधा रुग्णालयापाशी. खाजगी रुग्णालयाच्या कार्यालयात ईमेलला उत्तर देणारं कोणी नसतं आणि प्रकरण पडून राहतं. अर्ज टाकण्याआधी स्वतः जाऊन सांगून ठेवा आणि कोणता ईमेल रोज उघडला जातो तो विचारून तोच द्या.

नावाचं मात्र आत्ताच बघा. आपल्या दहावीच्या सनदेवर आडनाव आधी, पासपोर्टवर नंतर, डिग्रीवर स्पेलिंग वेगळं, लग्नानंतर आधारवर नवऱ्याचं नाव, असा घोळ घरोघरी आहे. चारही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. फरक असेल तर राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घ्या आणि मगच शिक्क्यांच्या मागं लागा. पासपोर्टवर नुसतं एकच नाव असेल आणि आडनावाची जागा कोरी असेल तर तोही दुरुस्त करा. २०२२ च्या अखेरीपासून एका नावाच्या पासपोर्टवर अमिरातीचा व्हिजिट व्हिसा अडतो.

लेकराबरोबर काळा मसाला, अनारसे आणि डिंकाचे लाडू देणार आहे. काही हरकत?
— एक आई, अंबाजोगाई, जि. बीड

ताई, हरकत आहे ती खसखशीला. अनारशाला लावलेली, लाडवात घातलेली, मसाल्यात भाजून कुटलेली, कसलीही नको. खसखस अफूच्याच बोंडातून येते आणि अमिरातीत ती अमली पदार्थांत धरतात. विमानतळावर सापडली तर माल फेकून देतात आणि गोष्ट तिथंच संपते असं नाही, अटक होऊ शकते. अनारसे तिळावर थापा, लाडू आणि मसाला खसखशीशिवाय करा. बाजारातून आणलेला काळा मसाला असेल तर पाकिटावरची घटकांची यादी वाचा आणि सुट्टा असेल तर देऊच नका. शेजारणीनं, मावशीनं दिलेला डबाही विचारल्याशिवाय बॅगेत जाऊ देऊ नका. विड्याची पानं आणि गुटखाही नको. कारळाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ खुशाल द्या. पीठ तिथल्या भारतीय दुकानांत मिळतंही.

औषधांचं तसंच. ट्रामाडॉल असलेली दुखण्यावरची गोळी, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या तिथं नियंत्रित आहेत. लागतच असतील तर अमिरातीच्या आरोग्य खात्याची ऑनलाइन परवानगी आधी काढायची, आणि मूळ पाकिटात, इंग्रजी चिठ्ठीसह न्यायचं. आपल्याकडं मेडिकलवाला कागदात सुट्ट्या गोळ्या बांधून देतो, तशा पुड्या तर मुळीच नकोत.

आणि तुमच्या मोबाइलमध्ये तो निघण्याआधी ‘बोटिम’ हे फोन लावायचं ॲप टाकून, एकदा लावून बघा. दुबईतून व्हॉट्सॲपवर निरोप जातो, फोन लागत नाही. पहिल्या रात्री फोन लागेना म्हणून आया घाबरून जातात.

माझ्या नावावर चार एकर आहे. दुबईला गेल्यावर एनआरआय झालो तर जमीन जाते का? बँकेचं खातं तसंच ठेवलं तर चालतं का?
— एक वाचक, वसमत, जि. हिंगोली

जमीन जात नाही. आधी घेतलेली आणि वारसानं आलेली शेती ठेवता येते. एनआरआय असताना नवीन शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. शेजारचं वावर घ्यायचं मनात असेल तर ते निघण्याआधी.

खातं तसंच ठेवता येत नाही. नोकरीसाठी देश सोडला की साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. शेतमालाचे, भाड्याचे इथले पैसे त्यात. दुबईचा पगार पाठवायला वेगळं एनआरई खातं काढा. त्याच्या व्याजावर इथं कर नाही आणि पैसे कधीही परत नेता येतात. निघण्याची तारीखही बघा. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात भरले तर त्या वर्षी तुम्ही करासाठी रहिवासीच, आणि मग दुबईचा पगारही इथल्या विवरणपत्रात येतो. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत निघालात आणि मार्चपर्यंत परत आला नाहीत तर हा प्रश्न येत नाही.

पीककर्ज, पीकविमा, माल विकणं यांसाठी भावाच्या किंवा वडिलांच्या नावानं मुखत्यारपत्र करून द्या, आणि ते निघण्याआधी दुय्यम निबंधकाकडं नोंदवा. तिथून करायचं म्हटलं तर भारतीय वाणिज्य दूतावासात सही, मूळ कागद इकडं पाठवणं आणि तो पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक, एवढं सगळं आलं. मुखत्यारपत्रात कामं मोजून लिहा. ‘विक्री करणे’ हा शब्द छापील नमुन्यात हमखास असतो, तो काढायला सांगा.

आधारला जोडलेलं सिम बंद पडू देऊ नका. बँक, विमा, शेतकरी ओळख क्रमांक, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. आंतरराष्ट्रीय रोमिंग इथंच चालू करून घ्या. तिथून चालू करायला ओटीपी लागतो, आणि तो त्याच बंद सिमवर जातो.

बायकोला आणि मुलीला केव्हा नेता येईल? घराला सुरुवातीला किती लागतात?
— एक वाचक, नांदेड

पगार ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि कंपनीचं घर, एवढं असेल तर बायको-मुलांचा व्हिसा काढता येतो. लग्नाचा आणि जन्माचा दाखला लागतो, त्यावरही वर सांगितलेली शिक्क्यांची साखळी. जाताना स्वतःच्या डिग्रीबरोबरच हे दोन्ही करून न्या. बायको-मुलांचा आरोग्य विमा कंपनीनं कबूल केला नसेल तर तो तुमच्याच खिशातून.

घराचं भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक द्यावे लागतात. समजा वर्षाला ६०,००० दिरहम आणि चार चेक. पहिला चेक १५,०००, अनामत ५ टक्के म्हणजे ३,०००, दलाली साधारण ५ टक्के म्हणजे ३,०००, वीज-पाण्याची अनामत २,०००. चावी हातात येईपर्यंत २३,००० गेले, सामान वेगळं. शिवाय भाड्याच्या ५ टक्के इतकी नगरपालिकेची रक्कम वीजबिलातून महिन्याला कापली जाते, इथं ती २५० येईल. करार ‘इजारी’ या सरकारी नोंदणीत घातला की नाही ते बघा. ती नसेल तर वीजजोडणीही अडते आणि घरमालकाशी वाद झाला तर हातात काही नसतं. म्हणून पहिले सहा महिने एकट्यानं राहा, परीक्षेचा काळ संपू द्या, तेवढ्यात हे २३,००० साठवा आणि मग त्यांना बोलवा. अडचण आली तर अमिरातीतून भारतीय सहायता केंद्राचा ८००४६३४२ हा फोन फुकट लागतो. बायकोच्या मोबाइलमध्येही तो घालून ठेवा.